थिअरेटिकली म्हणजे कुठल्या थिअरीने?

चि. मुक्ता हिस,


पवनचक्कीवरचा तुझा इंग्रजी अहवाल वाचला. आकडेमोड चोख आहे. मात्र ‘थिअरेटिकली’ हा शब्द तू जागोजागी घातला आहेस, कधी एका अर्थाने, कधी नेमक्या उलट अर्थाने.

त्याचं वजन वाक्यातल्या जागेवर ठरतं. आरंभी येऊन पुढे स्वल्पविराम असला, की इंग्रजी वाचक ‘पण’ची वाट पाहू लागतो. ‘थिअरेटिकली, ही चक्की वर्षभर चालेल’ म्हणजे कागदावर चालेल, प्रत्यक्षात कठीण. तोच शब्द ‘प्रेडिक्टेड’सारख्या शब्दाला लागून आला, की तो विधानाचा आधार सांगतो.

हा दुसरा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. युरेनस गणिताने ठरवलेल्या वाटेवरून ढळत होता. ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने केवळ गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून एका न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गालेला नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. गुरुत्वीय लहरींचं भाकीत आइन्स्टाइनने १९१६ साली केलं. त्या टिपल्या गेल्या २०१५ साली. मधली शंभर वर्षं त्यांच्याबद्दल ‘थिअरेटिकली प्रेडिक्टेड’ असंच लिहिलं जाई. त्यात कमीपणा नव्हता. त्या विश्वासावरच माणसांनी काही किलोमीटर लांबीच्या भुजांची यंत्रं उभारली.

आता तुझं वाक्य घे. वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा काढता येते, हे तू ‘थिअरेटिकली’ने सुरू केलंस, त्यामुळे ते डळमळीत वाटतं. ती बेट्झची मर्यादा आहे. सगळीच ऊर्जा काढून घेतली तर पात्यांमागची हवा थांबेल आणि नवा वारा यायला वाटच उरणार नाही. इतकं भक्कम कारण हाताशी असताना बेट्झचं नाव लिही आणि तो शब्द काढून टाक. ज्या वाक्यात थिअरीचं नाव सांगता येत नाही, तिथूनही काढ. तिथे तुला बहुधा ‘हायपोथेटिकली’ म्हणायचं असतं, म्हणजे ‘समजा असं झालं तर’. ‘कुड’ किंवा ‘माइट’ असेल तिथे तर ‘थिअरेटिकली’ नकोच. एकाच वाक्यात दोनदा माघार होते.

निष्कर्षाचं पान आधी दुरुस्त करून पाठव. बाकीची पानं रविवारी बसून बघू.

तुझा,
मामा