वादळ आणि वाडी

मुलांनो, आपल्या मुठा गावापासून समुद्र दूर, सह्याद्रीपलीकडे आहे. तरी ३ जून २०२० रोजी समुद्रावरचे वादळ मुळशी तालुक्यात आले. त्याचे नाव ‘निसर्ग’. त्या दुपारी ते आधी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. त्यातच कोरोनाची साथ!

पत्रे पुन्हा बसवता येतात. पण श्रीवर्धनच्या वाड्यांतील नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. त्यांच्यावरच कुटुंबे जगत होती. पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कसे चालवायचे? कोवळ्या रोपाला तर ऊनही सोसत नाही. म्हणून आधी केळी लावतात, मग तिच्या सावलीत पोफळ.