पावसाळ्यातली ओल पावसाळ्यातच कळवावी

चि. भाच्यास,

सोसायटीच्या बेसमेंटचे तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. मागच्या भिंतीवरचा पांढरा लेप फुगला आहे, त्याचे पोपडे गाड्यांवर पडताहेत आणि भिंत जिथे जमिनीला मिळते त्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार थेट पार्किंगमध्ये येते आहे. वॉटरप्रूफिंग होऊन जेमतेम दोन पावसाळे झाले, गॅरंटी सात वर्षांची, आणि कॉन्ट्रॅक्टर फोनवर म्हणतो, "पाऊस थांबू द्या, दिवाळीनंतर माणसं पाठवतो." सेक्रेटरी या नात्याने काय करावं, असं तू विचारलं आहेस. दिवाळीपर्यंत थांबू नको, हे उत्तर आधी. कारणं पुढे.

अशा तक्रारींची वाट ठरलेली असते. जुलैत भिंत गळते, सेक्रेटरी फोन करतो. दिवाळीनंतर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस येतो तेव्हा भिंत कोरडी असते. तो चार ठिकाणी लेप खरवडतो, नवा हात मारतो आणि निघून जातो. मे महिन्यात सगळे निर्धास्त. पुढच्या जुलैत पुन्हा तीच धार. मधेच कमिटी बदलते, नव्या सेक्रेटरीला जुने फोन ठाऊक नसतात, आणि कागदावर तर एकही तक्रार नसते. सात वर्षांच्या गॅरंटीत भिंतीची खरी परीक्षा घेणारे पावसाळे सातच. त्यातले तीन-चार 'बघू, करू' मध्ये गेले की उरलेल्या कागदाला फारसा अर्थ राहत नाही.

पुण्यात बेसमेंट बहुधा काळ्या पाषाणात खोदलेलं असतं. भिंत आणि कातळ यांच्यामधली जागा मुरूम-मातीने भरलेली असते. कातळातून पाणी सहजी निचरत नाही, त्यामुळे पावसाचं पाणी त्या भरावात साचतं आणि भिंतीला बाहेरून रेटा देतं. पाण्याची पातळी एक मीटर असेल तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टनाचा दाब पडतो. तीन मीटर असेल तर तीन टनांचा. एवढा रेटा पाठीमागून असताना आतल्या बाजूला नुसता रंगासारखा लेप दिला, तर पाणी त्याला भिंतीपासून ढकलून देतं. तुझ्या फोटोतले फुगे त्याचेच आहेत. म्हणून इमारत बांधतानाच तळाखाली आणि भिंतींच्या बाहेरून शहाबादी फरशी सिमेंटमध्ये बसवून 'बॉक्स' वॉटरप्रूफिंग करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली. उभ्या इमारतीला बाहेरून पुन्हा खणणं बहुतेक वेळा शक्य नसतं. मग आतूनच इलाज करावा लागतो, पण तो सांध्यांत, भेगांत, पाइप भिंतीतून जातो तिथे आणि शटरिंगच्या टाय-रॉडच्या भोकांत ग्राउट भरून. लेपाचं काम त्यानंतर.

'पाऊस थांबू द्या' यातलं अर्धं खरं आहे. लेपासाठी भिंतीची नीट तयारी लागते, आणि वाहत्या पाण्यात ती होत नाही. मात्र पीयू (पॉलीयुरेथेन) इंजेक्शनमधलं रसायन पाण्याशी संयोग होऊनच फुगतं; ते वाहत्या गळतीवरही मारता येतं. शिवाय पाणी नेमकं कुठून येतं हे भिंत गळत असतानाच दिसतं, डिसेंबरात नाही. कॉन्ट्रॅक्टरला पाहणीला बोलावण्याची वेळ आत्ताचीच आहे.

तो आला की बहुधा म्हणेल, हे बाहेरचं पाणी नव्हे, दमट हवेचं आहे, किंवा वरचा पाइप फुटलाय. वाद घालत बसू नये, तपासून दाखवावं. भिंत पुसून त्यावर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना टेप लावून एक दिवस ठेवावा. पाणी कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ते भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला जमलं तर हवेतलं आहे. ड्रेनेजचा संशय असेल तर चेंबरमध्ये रंग सोडावा आणि तो रंग गळतीत उतरतो का बघावं. भिंतीवरचा पांढरा लोणाही पाणी काँक्रीटमधून झिरपत असल्याची खूण असते. हे सगळं कॉन्ट्रॅक्टरच्या माणसासमोर करावं, फोटो काढावेत आणि पाहणीच्या टिपणावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. सही द्यायला तो तयार नसेल तर तेही टिपणात लिहावं.

त्याआधी गॅरंटीचा कागद काढून शब्दन् शब्द वाचावा. गॅरंटी कामाची आहे की फक्त मालाची? रसायन बनवणारी कंपनी बहुधा आपल्या मालापुरतंच बोलते. तो भिंतीवर कसा लावला याची जबाबदारी काम करणाऱ्याची. 'भिंतीला इजा झाल्यास गॅरंटी रद्द' अशी अट सर्रास असते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत त्या भिंतीत कुणी केबलसाठी भोक पाडू नये, आणि एखाद्या हौशी सभासदाने स्वतःच्या खर्चाने त्यावर रंगाचा हात मारू नये.

मग पत्र. सोसायटीच्या लेटरहेडवर, चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्या सहीने, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. कामाची तारीख, बिलाचा आणि गॅरंटीचा क्रमांक, गळती प्रथम दिसली ती तारीख, जागा, फोटो. मागणी अमुक तारखेच्या आत पाहणीची, आणि त्यानंतर दुरुस्तीची पद्धत लेखी देण्याची. ही शेवटची मागणी फार मोलाची आहे. पुन्हा तोच लेप मारायचा असेल तर तो पुन्हा तसाच फुगेल, म्हणून काय, कुठे आणि कशाने भरणार हे त्याने आधी लिहून द्यावं. पत्राची भाषा सौम्य असावी, तारखा ठाम.

केंद्र सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची, म्हणजे सीपीडब्ल्यूडीची, रीत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. वॉटरप्रूफिंगसाठी तिथे दहा वर्षांचा गॅरंटी बाँड घेतात आणि त्या कामाच्या रकमेतले १० टक्के राखून ठेवतात. दोष निघाल्याची नोटीस गेली की सात दिवसांत दुरुस्तीला हात लावावा लागतो. नाहीतर खातं ते काम दुसऱ्याकडून करून घेतं, खर्च पहिल्याच्या माथी. तुमच्या सोसायटीने सगळं बिल आधीच चुकतं केलं, त्यामुळे हातात पैसा नाही. तरी दुसऱ्याकडून करून घेण्याचा इशारा पत्रात देता येतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून नुकसान मागता येतं. त्यासाठी दोन लेखी कोटेशनं आणि एका स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल मात्र जवळ हवा.

तेवढ्यानेही तो हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस कुठेही असो. कामाला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं, ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या गोड बोलण्यात सोसायट्या फसतात त्या इथेच.

तुमची इमारत जुनी, म्हणून बिल्डरचा प्रश्न नाही. शेजारच्या नव्या सोसायटीत हीच गळती असेल तर त्यांना रेरा कायद्याचं कलम १४(३) दाखव: ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो.

दुरुस्ती झाली तरी 'काम समाधानकारक' या कागदावर मे महिन्यात सही देऊ नये. एक पूर्ण पावसाळा भिंत कोरडी राहू दे, मग सही. आणि दुरुस्त केलेल्या भागाला त्या तारखेपासून नव्याने गॅरंटी लिहून मागावी.

पत्र याच आठवड्यात जाऊ दे. मसुदा आधी माझ्याकडे पाठव, सोबत गॅरंटीच्या दोन्ही पानांचा फोटो.

तुझा,
मामा