उपचारानंतर पुन्हा गाठ हाताला लागली तर?

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन, किमो, लाईट हे सगळे पार करून आलेल्या भगिनी आपल्या वस्त्यांत आहेत. आम्ही घरभेटीला जातो तेव्हा त्या तब्येत बरी असल्याचे सांगतात, चहा ठेवतात आणि निघताना दारापाशी हळूच म्हणतात, "सिस्टर, इथे काहीतरी लागतंय." कधी जुन्या व्रणाच्या कडेला, कधी काखेत, कधी दुसऱ्या स्तनात. किती दिवस झाले विचारले की दोन महिने, तीन महिने असे उत्तर येते. घरात कुणाला सांगितलेले नसते. हा लेख त्या दोन-तीन महिन्यांविषयी आहे.

त्या का सांगत नाहीत, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. पहिल्या वेळी झालेले कर्ज अजून फिटलेले नसते. मुलीचे लग्न ठरत असते. नवऱ्याने पगार कापून घेऊन रजा काढलेल्या असतात. "पुन्हा सगळ्यांना त्या लाइनीत कशाला उभं करू?" असे एका ताईने आम्हाला विचारले. तिला आम्ही सांगितले तेच इथे सांगतो. गाठ लपवून घरच्यांचा खर्च वाचत नाही. लहान असताना जी गाठ छोट्या ऑपरेशनने निघाली असती, ती पुढे मोठा उपचार मागते. आणि ती कॅन्सरची नसेलच, तर तीन महिने उगाच एकटीने रात्री जागून काढल्या.

कॅन्सरची नसलेली गाठ लागणे बरेचदा घडते. ऑपरेशन आणि लाईटनंतर आतली चरबी काही ठिकाणी मरते आणि तिची टणक गाठ बनते. ती काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही हाताला लागते. हाताला आणि मॅमोग्राफीतही ती कधीकधी कॅन्सरसारखीच वाटते. व्रणाचा कडक झालेला पट्टा, आत राहिलेल्या टाक्याभोवतीची गुठळी, साचलेले पाणी यांमुळेही गाठ वाटते. पूर्ण स्तन काढलेल्या बाईला बरगडीचे टोक प्रथमच हाताला लागते आणि ती दचकते. गळपट्टीच्या हाडाखाली किमोचे पोर्ट बसवले असेल तर तेही गाठीसारखे लागते.

पण "स्तनच काढला, आता गाठ कुठून येणार?" हा समज मात्र सोडून द्यावा. छातीच्या कातडीत, व्रणावर, काखेत, गळपट्टीच्या वरच्या खड्ड्यात आजार परत येऊ शकतो. कधी तो गाठ म्हणून न येता कातडीवर लाल पुरळ किंवा बारीक कडक दाणे म्हणून येतो. त्या बाजूचा हात नव्याने सुजू लागला तरी दाखवावे. दुसऱ्या स्तनात अगदी वेगळा, नवा कॅन्सरही होऊ शकतो. पाच वर्षे झाली म्हणजे सुटलो असेही धरू नये. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर दहा वर्षांनंतरही परत आल्याची उदाहरणे आहेत.

तर करायचे काय? गाठ लागली ती तारीख लिहून ठेवा. कोणत्या बाजूला, व्रणापासून किती बोटे लांब, वाटाण्याएवढी की बोराएवढी, हेही लिहा. मग तिला रोज दाबून पाहू नका. चोळणे, शेकणे, लेप लावणे बंद. अंगारा-धुपारा आपण घराबाहेर काढला, पण गॅरंटीची जडीबुटी विकणारा अजून दारात येतो. त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. एका आठवड्याच्या आत जिथे उपचार झाले तिथे जावे, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. पाळीनंतर जाईल म्हणून थांबणे ज्या बाईला कॅन्सर झालेला नाही तिला कधी चालते, आपल्याला नाही. श्वास लागत असेल, पाठीच्या मणक्यात असह्य दुखत असेल किंवा पायातली ताकद जात असेल, तर त्याच दिवशी जावे.

तिथे तीन गोष्टी व्हायला हव्यात: डॉक्टरांनी हाताने तपासणे, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि शंका उरली तर सुईने तुकडा काढून बायोप्सी. गर्दीच्या ओपीडीत नुसता हात लावून "काही नाही, जा" असे ऐकून परतलेल्या बाया आम्हाला भेटल्या आहेत. अशा वेळी घाबरू नका, भांडूही नका. विचारा, "डॉक्टर, मला आधी कॅन्सर झालाय. ही गाठ कशाची आहे हे कोणत्या तपासणीतून ठरलं?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणून बायोप्सी टाळणाऱ्या अनेक आहेत. ती भीती मनातून काढा. सुईशिवाय निदान होत नाही आणि निदानाशिवाय योग्य उपचार सुरू होत नाही.

सगळ्यात जड जातात ते रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस. कधी चार दिवस, कधी दोन आठवडे. पहिल्या आजाराची सगळी आठवण तेव्हा परत येते. किमोच्या वासाची आठवण येऊन जेवण न गेलेली बाई आम्ही पाहिली आहे. तिला कुणी "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणू नये. घरातल्या निदान एका माणसाला खरे सांगा आणि रिपोर्टच्या दिवशी त्यालाच सोबत न्या, कारण अशा वेळी डॉक्टरांचे अर्धे बोलणे कानातच शिरत नाही. चालू असलेली टॅमॉक्सिफेनसारखी गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. घरकाम, कामावर जाणे जमत असेल तर चालू ठेवा.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तरी "आता काही उरलं नाही" असे नसते. आजार शरीरात आणखी कुठे आहे का, हे आधी स्कॅन करून पाहतात. तो त्याच जागी असेल तर अनेकदा ऑपरेशनने काढता येतो, आधी लाईट दिलेली नसेल तर ती देता येते, औषधेही असतात. दुसरीकडे पसरला असेल तर तो पूर्ण बरा होणे बहुधा शक्य नसते, हे खरे सांगायला हवे. पण औषधांवर काही बाया वर्षानुवर्षे संसार, नोकरी सांभाळतात. नव्या गाठीची ईआर, पीआर आणि हर-टू तपासणी पुन्हा करून मागा. पहिल्या गाठीपेक्षा ती वेगळी निघू शकते आणि त्यावर औषध बदलते.

आता कागदपत्रे. जुनी फाईल, बायोप्सीचा पहिला रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद, किमो-लाईटचा तपशील आणि जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म एका पिशवीत ठेवा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार झाले असतील तर जुना केस नंबर सांगा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ हवे. रेल्वेने जायचे असल्यास स्लीपर आणि थर्ड एसीत कॅन्सर रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. तिचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. परतीच्या प्रवासाचाही तेव्हाच मागून घ्या.