प्लुटोनिअम : एका न्यूट्रॉनाचा फरक

चुलीत तापवलेला लोखंडाचा तुकडा बाहेर काढून ठेवला, तर तासाभरात तो गार होतो. परंतु चुलीवाचून वर्षानुवर्षे आपोआप ऊबदार राहणारा एक धातू आहे. त्याचे नाव प्लुटोनिअम. अणुक्रमांक ९४.

निसर्गात तो जवळजवळ आढळतच नाही. ग्लेन सीबॉर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०-४१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील बर्कली येथे युरेनिअमवर ड्यूटेरॉनांचा मारा करून तो प्रथम तयार केला. हा धातू रुपेरी दिसतो. शिशाची घनता ११.३, तर याची १९.८. सुमारे ६४० अंश सेल्सिअसला वितळेपर्यंत तो सहा निरनिराळी स्फटिकरूपे घेतो. त्यांपैकी काही रूपांत तापवल्यावर तो प्रसरण पावण्याऐवजी चक्क आकुंचन पावतो!

ऊब कोठून येते?

प्लुटोनिअमचे अणुगर्भ अस्थिर असतात. त्यांतून वेगाने आल्फा कण बाहेर पडतात. हे कण फार दूर जात नाहीत. बहुतेक धातूतच अडतात आणि त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. प्लुटोनिअम-२३८ या समस्थानिकाचा अर्धायुकाल ८७.७ वर्षे आहे. त्याच्या एका ग्रॅमपासून सुमारे अर्धा वॅट उष्णता सतत मिळते.

ही उष्णता कोणाच्या उपयोगी पडते? सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट अंतरावर असलेल्या नेपच्यूनचा विचार करा. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे तेथे ऊन आपल्या नऊशेव्या भागाइतकेच! सौरघट तेथे काय करणार? म्हणून १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांत प्लुटोनिअम-२३८ च्या ऑक्साइडवर चालणारी प्रत्येकी तीन जनित्रे बसवली. त्यांत थर्मोकपलच्या जोडांचे एक टोक तापते, दुसरे थंड राहते आणि वीज वाहू लागते. सुरुवातीस प्रत्येक यानाला सुमारे ४७० वॅट वीज मिळे. तुमच्या घरच्या इस्त्रीलाही ती पुरणार नाही. पण तेवढ्यावर व्हॉयेजर-२ ने १९८९ मध्ये नेपच्यूनची छायाचित्रे पाठवली.

दुसरा भाऊ

आता अणुगर्भात एकच न्यूट्रॉन वाढवा. प्लुटोनिअम-२३९ मिळते. अर्धायुकाल सुमारे २४,१०० वर्षे. म्हणून त्याची ऊब फार मंद. मात्र मंदगती न्यूट्रॉनानेही त्याचे भंजन होते, त्यातून नवे न्यूट्रॉन सुटतात आणि साखळी प्रक्रिया चालते. अणुभट्टीत युरेनिअम-२३८ ने न्यूट्रॉन गिळला, की दोन बीटा-ऱ्हासांनंतर हेच द्रव्य बनते. आपल्याकडे तुर्भे येथे १९६४ पासून वापरलेल्या इंधनातून ते वेगळे काढण्यास सुरुवात झाली आणि कल्पाक्कमची १९८५ साली सुरू झालेली प्रायोगिक प्रजनक अणुभट्टी प्लुटोनिअमयुक्त इंधनावर चालू लागली.

पण ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकी ज्या बाँबने उद्ध्वस्त झाले, त्यातही हेच द्रव्य होते, अवघे सहा किलोग्रॅम. हजारो माणसे मेली. धातूला हेतू नसतो. तो वापरणाऱ्याला असतो.

त्याची धूळही घातक. आल्फा कण साध्या कागदाने अडतात, कातडीही भेदत नाहीत. परंतु श्वासाबरोबर धूळ आत गेली, तर ती फुप्फुसे, यकृत व हाडे यांत ठाण मांडून कर्करोगाला कारण होऊ शकते. म्हणून बंदिस्त पेटीत हातमोजे घालूनच हे द्रव्य हाताळतात.

आता थोडे गणित

१) प्लुटोनिअम-२३९ चा हजारावा भाग उरण्यास साधारण दहा अर्धायुकाल लागतात. किती वर्षे झाली? एवढा काळ तो कचरा कोण सांभाळणार, याची वर्गात चर्चा करा.

२) प्लुटोनिअम-२३८ ची उष्णता दर वर्षी सुमारे ०.८ टक्क्याने घटते. व्हॉयेजरची ४७० वॅट वीज याच प्रमाणात घटली असे धरून, पन्नास वर्षांनंतर ती किती उरेल? आलेख काढा. प्रत्यक्षातली वीज याहूनही कमी भरते, कारण थर्मोकपलही झिजतात. म्हणूनच यानांवरील उपकरणे एकेक करून बंद करावी लागत आहेत.