यंत्र सर्वांत शेवटी घ्या

मुंबई उच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2025 रोजी लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. महापालिकेच्या नोटिसा निघाल्या आणि माझा फोन वाजू लागला. बर्नर, धुराडी आणि प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं हेच माझं रोजचं काम. फोन करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "मशीन कुठलं घेऊ?" लहान धंद्याचं नुकसान याच प्रश्नापासून सुरू होताना मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मध्य मुंबईतल्या एका गल्लीत एक जुनी पाव भट्टी आहे. तिथल्या चाचांना एका पुरवठादाराने सांगितलं, भट्टी आहे तीच ठेवा, तोंडाशी बर्नर बसवतो, दोन दिवसांत काम होईल. चाचांनी सगळे पैसे आगाऊ दिले. पहिल्याच रात्री लादी बाहेर आली ती वरून करपलेली आणि खालून कच्ची. मी गेले तेव्हा कारागीर एकेक पाव उलटा करून पांढरा, चिकट तळ दाखवत होता. पुरवठादार म्हणत होता, काटा तर बरोबर तापमान दाखवतोय.

काटा बरोबरच होता. पण पाव विटांत साठलेल्या उष्णतेवर भाजतो. लाकूड आत जाळायचं, निखारे बाजूला सारायचे, ओल्या पोत्याने तळ पुसायचा आणि मग लादीमागून लादी काढायची, ही जुनी रीत त्यासाठीच आहे. बर्नरने आतली हवा झटकन तापते, जाड विटा मात्र पोटात थंड राहतात. ज्योत मंद ठेवून भट्टी बराच वेळ मुरत तापू द्यावी लागते, ज्योतीची दिशाही बदलावी लागते. चाचांच्या कारागिराने हे दोन-चार रात्रींत जमवलं, पण तोवर हॉटेलांची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. म्हणून पुरवठादाराने बसवलेली एक तरी भट्टी ऐन भाजणीच्या वेळी जाऊन बघा आणि सोबत आपला भट्टीवाला न्या. शेवटचा हप्ता आपल्या मैद्याचा, आपल्या खमिराचा पाव नीट निघाल्यावरच द्या.

यंत्राच्या आधी इंधन ठरवा. पाइप गॅसची वाहिनी तुमच्या गल्लीपर्यंत आली आहे का, हे गॅस कंपनीकडून लेखी घ्या. शेजारच्या हॉटेलात गॅस आहे एवढ्यावर भिस्त ठेवू नका. विजेचा ओव्हन हवा असेल तर मंजूर भार वाढवून मिळेल का, ते आधी विचारा. सिलिंडरवर जाणार असाल तर 100 किलोपेक्षा जास्त एलपीजी साठवायला स्वतंत्र परवाना लागतो. 19 किलोचे पाच सिलिंडर म्हणजे 95 किलो, सहावा ठेवला की हद्द ओलांडली. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, पाइपचा गॅस हलका असल्याने छताकडे जातो. त्यामुळे झरोके कुठे हवेत, हे इंधन ठरल्याशिवाय ठरत नाही.

गॅसला धूर नाही म्हणून धुराडंच काढून टाकायला निघालेले मालक मी हात धरून थांबवले आहेत. हवा कमी पडली की गॅसही अर्धवट जळतो आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. अनेक बेकऱ्यांत कारागीर भट्टीवरच्याच माळ्यावर झोपतात. पाडलेल्या इमारतींच्या रंगवलेल्या खिडक्या, प्लायवूडचे तुकडे जाळून निघालेला धूर या पोरांनी वर्षानुवर्षं गल्लीच्या आधी आपल्या छातीत घेतला आहे. इंधन बदलण्याचा पहिला फायदा त्यांना मिळायला हवा. माळा रिकामा करता येत असेल तर तो याच कामात करून टाका.

आता कागद. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्याखाली लागणारं संमतीपत्र लाल, नारिंगी, हिरवा अशा गटांप्रमाणे मिळतं, आणि बेकरी कुठल्या गटात पडते ते तिच्या मालावर आणि इंधनावर ठरतं. 2016 च्या वर्गवारीत दिवसाला टनापेक्षा कमी माल काढणारी, गॅसवरची किंवा विजेवरची बेकरी हिरव्या गटात धरली होती. इंधन बदललं की आपला गट कोणता, हे मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात जाऊन विचारा. ताजी वर्गवारीच लागू होते. अर्ज भरायला एजंट जरूर घ्या, पण मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. एका मालकाच्या अर्जात एजंटने आपला ईमेल टाकला होता. मंडळाने काढलेली त्रुटी तिकडेच पडून राहिली, अर्ज परत गेला आणि मालक महिनोन्‌महिने "काम चालू आहे" एवढंच ऐकत राहिला.

पैशांचंही तसंच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने आणलेल्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं आहे आणि बेकरी त्यात बसते. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. घाईने रोख मोजून ओव्हन आणला की ते हातचं गेलं. योजनेची मुदत आणि अटी बँकेत किंवा तालुका-जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात आधी विचारा, मग कोटेशन मागवा.

एक काम मात्र आजच करता येईल. एकाच रस्त्यावरच्या बेकऱ्या, तंदूरवाले आणि हॉटेलवाल्यांनी मिळून गॅस कंपनीला एकच पत्र द्यावं, प्रत्येकाचा अंदाजे रोजचा वापर त्यात लिहावा. एकट्या दुकानासाठी रस्ता खोदायला कुणी लवकर तयार होत नाही. दहा जोडण्यांची मागणी एकत्र गेली की अभियंता पाहणीला येतो. पत्राची पोच घेऊन ठेवा आणि महापालिकेच्या नोटिशीला उत्तर देताना तिची प्रत जोडा.