शब्द, दुभाषी आणि वर्तमानपत्र

"पाहुण्यांस पोहोचवून आलों" असें कोणी म्हटलें, तर पाहुणे आगगाडीनें गांवीं गेले असें आपण समजतों. "आजोबांस पोहोचवून आलों" असें डोळे पुशीत म्हटलें, तर आपण मान खालीं घालतों. क्रियापद एकच, पण एक वाट स्टेशनाची, दुसरी स्मशानाची. हा भेद आपणांस संदर्भावरून कळतो. परभाषेंत वाक्य नेतांना हा संदर्भच सुटला, तर केवढा अनर्थ होतो, याचें एक उदाहरण पाहूं.

१९५६ सालच्या नोव्हेंबरांत पोलंडचे पुढारी गोमुल्का मॉस्कोच्या भेटीस आले होते. हंगेरींतील उठाव सोव्हिएट सैन्यानें नुकताच चिरडला होता. सुएझच्या प्रश्नावरून इंग्लंड व फ्रान्स यांच्याशीं वितुष्ट आलें होतें. १८ नोव्हेंबर रोजीं पोलंडच्या वकिलातींतील समारंभांत सोव्हिएट पुढारी ख्रुश्चेव्ह पाश्चात्त्य राजदूतांपुढें बोलले. इतिहास आमच्या बाजूस आहे, असें सांगून त्यांनीं एक छोटें वाक्य उच्चारलें. दुभाषी सुखोद्रेव्ह यांनीं त्याचें इंग्रजी केलें: "आम्ही तुम्हांस पुरूं."

भाषांतरांत एकही शब्द चुकलेला नव्हता. परंतु मूळ रशियन वाक्याचा रोख "तुमच्यामागें आम्हीच उरूं" असाही होऊं शकतो. भांडवलशाही आपलें थडगें खणणारे स्वतःच निर्माण करते, हा मार्क्सचा विचारही त्यामागें होता. तो संदर्भ मागें राहिला आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एकटें वाक्य झळकलें. अणुबॉम्ब बाळगणाऱ्या राष्ट्राच्या पुढाऱ्याचे ते शब्द! वाचकांस ती संहाराची धमकी वाटली, यांत नवल तें काय?

१९५९ मध्यें ख्रुश्चेव्ह अमेरिकेस गेले, तेव्हां पत्रकारांनीं त्यांस याविषयीं विचारलेंच. आपण समाजव्यवस्थांच्या ऐतिहासिक क्रमाविषयीं बोललों, असें त्यांनीं सांगितलें. १९६३ मध्यें युगोस्लाव्हियांत त्यांनीं पुन्हां खुलासा केला कीं, आम्ही तुम्हांस फावड्यानें पुरणार नाहीं. तुमचेच कामगार तें करतील. तरीही लोकांच्या स्मरणांत राहिलें तें पहिलेंच वाक्य.

दोष कोणाचा? दुभाष्यास विचारास क्षणाचीही उसंत नव्हती. वर्तमानपत्रांनीं खोटें छापलें नाहीं, पण अपुरें छापलें. आणि ज्यानें रागाच्या भरांत दुधारी शब्द उपसला, त्याचा दोष तर सर्वांहून मोठा.

पंडिता रमाबाईंनीं बायबलाच्या मराठी भाषांतरासाठीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मुळापर्यंत गेल्यावांचून अर्थ हातीं येत नाहीं, हें त्या जाणत होत्या. प्रत्येकास परभाषा शिकणें साधणार नाहीं. परंतु एखाद्या पुढाऱ्याचें वाक्य वाचून मन संतापलें, तर तीन प्रश्न विचारणें सर्वांस साधेल: हें मूळ कोणत्या भाषेंत बोललें गेलें? त्याच्या मागें-पुढें काय होतें? तें येथवर कोणी आणलें? उत्तरें मिळेपर्यंत आपला निवाडा राखून ठेवावा. शेजाऱ्याविषयीं कानावर आलेल्या शब्दांसही हाच नियम लावावा.