मेघाला पत्र

चि. मेघास,


काल वहिनींचा फोन आला. सेमिनारच्या दिवशी आजारी असल्याचं सांगून तू खोलीवरच थांबलीस आणि आता कॅम्पस इंटरव्ह्यूतूनही नाव काढून घेणार आहेस, म्हणे. कारण काय, तर सरांनी इंग्रजी रिपोर्टभर 'अ' आणि 'द'वर लाल गोल केले आणि मुलं हसली. मेघा, हे मला मुळीच पटलं नाही. दादा गेल्यावर बँकेतल्या साहेबांपुढे उभी राहून बोललीस ती तूच ना?

वहिनींनी रिपोर्टच्या पानांचे फोटो पाठवलेत. आपण 'एक राजा होता' म्हणतो, मग पुढे नुसतं 'राजा'. त्या नुसत्या जागी इंग्रजीला 'द' लागतो. कुठला राजा ते ऐकणाऱ्याला कळलंय, याची ती खूण. तुझ्या रिपोर्टमधला पंप पहिल्यांदा येईल तेव्हा 'अ पंप', नंतर तोच 'द पंप'. 'अ अवर' लिहिलंयस, तिथे अक्षर पाहू नकोस, उच्चार ऐक: 'अ‍ॅन अवर', पण 'अ युनिट'. 'इन्फर्मेशन' मोजता येत नाही, तिच्याआधी 'अ‍ॅन' नको. काही जागा मात्र नियमात बसतच नाहीत. आजारी माणूस इंग्रजांच्या बोलण्यात 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकनांच्या 'इन द हॉस्पिटल'. हे वाचून वाचूनच अंगवळणी पडतं.

पण त्यासाठी बोलणं सोडायचं? आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. कॉलेजात मला प्रश्न सुचायचे, पण वाक्य मनात बिनचूक जुळेपर्यंत तास संपायचा. ते न विचारलेले प्रश्न अजून सलतात गं. आणि 'अ' तर मोठ्यांचाही सुटतो. 1969 साली आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरताना जे बोलला, त्यात 'मॅन'आधीचा 'अ' कुणाला ऐकू आला नाही. आपल्याला तो म्हणायचा होता, असं त्यानं नंतर सांगितलं. त्या 'अ'वाचून 'एका माणसा'ची 'मानवजात' झाली, तरी त्याला काय म्हणायचंय ते जगाला कळलं. तू गप्प बसलीस तर तुझा पंप कुणाला कळणार?

फार बोललो. मुलं हसली हे ऐकून मलाही लागलं, म्हणून. रविवारी संध्याकाळी फोन कर, सगळा रिपोर्ट मला मोठ्यानं वाचून दाखव. कितीही वेळ लागू दे, मी मोकळाच आहे. तोवर नाव काढू नकोस. काकूनं डिंकाचे लाडू पाठवलेत, मैत्रिणींनाही दे. रात्री जागतेस असं वहिनी म्हणत होत्या. जेवण तेवढं वेळेवर घेत जा, बाळा.

तुझा,
काका